पत्र्यावरचं पठार

ताराबाई पार्कात नव्या ऑफिसच्या लॉबीत
पाच चित्रं टांगायची होती.
चित्रं कसली, पत्रेच.
अ‍ॅल्युमिनियमवर छापलेले फोटो, चार फूट बाय सहा,
काच नाही, चौकट नाही,
मागं नुसत्या दोन पट्ट्या,
भिंतीपासून अर्धा इंच सुटं राहायला.

उद्यमनगरात बारा वर्षं लेथवर काढलीत मी.
धातू हातात आला की वजन सांगतो.
बीड खाली ओढतं, अडून बसलेल्या म्हशीगत.
हा पत्रा उचलला आणि हात उगाच वर गेला,
पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तसा.

"जपून हं, बोटं उमटतात," इंटिरियरच्या मॅडम म्हणाल्या.
हातमोजे चढवले.
राजेसाबनं लेव्हल धरली,
बुडबुडी मध्यावर येईतो श्वाससुद्धा सोडला नाही गड्यानं.

पहिल्यावर धुकं.
दुसऱ्यावर गव्याचं नाकाड, ओलं,
राजेसाब खरंच एक पाऊल मागं सरला.
तिसऱ्यावर नेचा, चौथ्यावर पाण्यात उलटं झाड.
पाचव्याचा कागद सोडवला
आणि ड्रिल खाली ठेवलं मी.

सोनकीनं पिवळं झालेलं पठार,
मधनं सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा,
कातळातल्या डबक्यात ढगाचा एक तुकडा.
मागं ती डोंगराची सोंड,
बसलेल्या उंटासारखी, मधोमध खचलेली.
तिच्याकडं बघत मी सात वर्षं शेरडं राखलीत.

डावीकडं फोटो जिथं संपतो
तिथनं पुढं पन्नास पावलांवर खाण होती.
आण्णा डंपर चालवायचे.
तांबडा दगड भरून घाट उतरायचे, रात्री रिकामे यायचे.
आई सदरा आपटायची ओढ्यावर;
ओढा लाल व्हायचा,
सदरा पांढरा काही व्हायचा नाही.
एकदा विचारलं, काय करतात ह्या दगडाचं?
"इमानं करत्यात. भांडी. तुझा डबा."
डबा पांढरा, दगड तांबडा.
मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

कुठला दगड कुठल्या पत्र्यात गेला
हे देवालासुद्धा सांगता यायचं नाही.
तरी मी पत्रा उलटा केला.
मागची बाजू कोरी, गार,
डब्याच्या झाकणासारखी.
कानावरची पेन्सिल काढली, गावाचं नाव लिहिलं.
खाली डंपरचा नंबर,
शेवटचे तीनच आकडे आठवले, तेवढेच.
राजेसाबनं बघितलं. बोलला नाही.
मग टांगला.

दिवे लागले तशी सोनकी पेटली.
खाली पितळी पट्टी लावायची होती, "स्तब्धता, पाच."
रिसेप्शनवरच्या पोरीनं विचारलं,
"हे कुठलं हो? न्यूझीलंड?"
"आपल्याकडचंच."
"हॅ," ती म्हणाली आणि फोन घेतला.

पंधरा दिवसांनी फोन आला.
पाचव्या चित्रातनं आवाज येतो म्हणे, संध्याकाळी,
सगळे गेल्यावर.
वॉचमन घाबरलाय, साहेब चिडलेत, स्क्रू ढिला असणार.
गेलो. पत्रा होता तसा,
लेव्हल लावली, बुडबुडी मध्यावर.
गाल भिंतीला टेकवून फटीत बॅटरी मारली.

पाल.
पेन्सिलीच्या आकड्यांवर पाय रोवून,
आणि शेजारी दोन अंडी, शेंगदाण्याएवढी, भिंतीला चिकटलेली.
बॅटरीकडं बघून ती चुकचुकली.

"काय आहे?" वॉचमननं लांबूनच विचारलं.

"कायसुद्धा नाही," म्हटलं.
"धातू आहे. एसीनं आकसतो.
महिनाभर हात लावू नका कुणी."